खेळातील कष्ट आणि कष्टातील शेजारी

काम आणि खेळ यांच्यामध्ये माणसाने फार पूर्वीपासून एक रेघ ओढून ठेवली आहे. रेघेच्या अलीकडे पोटासाठी करावे लागणारे सारे, पलीकडे मनासाठी करावेसे वाटणारे सारे. अवघड काम समोर आले की ‘हा काही पोरखेळ नव्हे’ असे आपण म्हणतो, तेव्हा हीच रेघ आपल्या मनात असते. कष्ट आणि धोका कामाच्या वाट्याला, मौज आणि निर्धास्तपणा खेळाच्या वाट्याला, अशी ही वाटणी आहे. परंतु ज्या खेळात मौजेपेक्षा कष्टच अधिक आहेत आणि तरीही लोक पदरचे पैसे मोडून तो खेळतात, असा एखादा खेळ समोर आला म्हणजे ही वाटणी डळमळू लागते. मग एक जुनाच प्रश्न नव्या वेषात उभा राहतो : कष्टाला मोल येते ते कशामुळे? करणाऱ्याच्या घामामुळे, घडलेल्या वस्तूमुळे, की ज्याच्यासाठी ते केले त्याच्यामुळे?

‘माय समर कार’ हा संगणकावरील असाच एक खेळ. फिनलंडमधील आमिस्टेक गेम्स या लहानशा संस्थेच्या योहान्नेस रोयोला यांनी तो घडविला. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी तो अपुऱ्या स्वरूपात लोकांसमोर आला आणि पुढे आठ वर्षांहून अधिक काळ घडत राहून ८ जानेवारी २०२५ रोजी पूर्ण झाला. त्यातील कथा अशी : साल १९९५, उन्हाळ्याचे दिवस, फिनलंडच्या ग्रामीण भागातील एक कल्पित गाव. आईवडील सुट्टीवर गेले आहेत. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा घरी एकटा आहे आणि गॅरेजमध्ये एक जुनी मोटार सुटी होऊन पडली आहे. ‘सात्सुमा’ हे तिचे नाव कल्पित असले, तरी १९७०च्या दशकात फिनलंडमध्ये लोकप्रिय झालेल्या डॅटसन १००ए या गाडीवर ती बेतलेली आहे. ही मोटार जुळवायची, तपासणी करून रस्त्यावर आणायची आणि जमलेच तर गावच्या रॅलीत धावडवायची, एवढेच काय ते साध्य.

साध्य सोपे असले तरी वाट बिकट आहे. इंजिनाचा एकेक भाग आपल्या जागी बसवावा लागतो, प्रत्येक बोल्टला त्याच्या मापाचा पाना लावावा लागतो आणि तो पुरता आवळावा लागतो. एखादा ढिला राहिला तर गाडी चालू असताना तो भाग निखळून पडतो. काय चुकले हे सांगणारा कोणी नसतो. गाडीचे काम चालू असताना तहान, भूक, थकवा, मनावरचा ताण, अंगावरचा मळ ही सारी देहाची देणी चुकवावी लागतात. ताण हलका करण्यासाठी सौनाची भट्टी पेटवून वाफेत बसावे लागते. सुटे भाग विकत घ्यायचे तर पैसा हवा. तो मिळविण्यासाठी लाकडे फोडून पोहोचवायची किंवा टँकर घेऊन लोकांच्या घरचे मैल्याचे खड्डे उपसायचे. खरोखरीच्या आयुष्यात जे काम टाळण्यासाठी माणूस वाटेल ते करील, ते काम येथे हौसेने केले जाते.

याला केवळ विक्षिप्त करमणूक म्हणून आम्ही बाजूला सारू इच्छीत नाही. खेळासाठी निवडलेले साल आणि स्थळही विचार करण्याजोगे आहे. १९९०च्या सुमारास फिनलंडवर आर्थिक अरिष्ट कोसळले. बँका अडचणीत आल्या आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित होताच पूर्वेकडची मोठी बाजारपेठ नाहीशी झाली. १९९० मध्ये सुमारे ३ टक्के असलेली बेकारी १९९४ मध्ये १६ टक्क्यांच्या पुढे गेली. १९९५ च्या आरंभी तो देश युरोपीय संघात सामील झाला. नव्या युगाचे दार उघडत होते, पण खेड्यातील पुष्कळ तरुणांच्या हाताला काम नव्हते. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या हाती पाना तरी असावा, आणि जिची कोणाला गरज नाही अशी एक जुनी गाडी असावी, ही त्या काळाची केविलवाणी पण खरी समजूत होती. खेळ विनोदी आहे, क्वचित ओंगळही आहे. परंतु त्या विनोदाखाली हे एकाकीपण सतत जाणवत राहते.

खेळाकडे तुच्छतेने पाहावे असे थोर विचारवंतांनी कधी सांगितले नाही. ॲरिस्टॉटलने सद्‌गुणांच्या मालिकेत प्रसन्न विनोदबुद्धीलाही जागा दिली. मात्र माणूस खेळतो तो पुन्हा कामाला लागण्यासाठी, केवळ खेळण्यासाठी जगणे हे बालिशपणाचे होय, असा इशाराही त्याने दिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा धागा पुढे नेला. मनालाही शरीराप्रमाणेच थकवा येतो आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी त्यांनी प्रेषित योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळत असल्याचे पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा त्याने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, मग पुन्हा पुन्हा सोडायला सांगितले, आणि असे सतत करता येईल का, असे विचारले. सतत ताणले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजाविले. अक्वायनस एवढ्यावर थांबले नाहीत. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि इतरांच्या आनंदालाही विरस आणतो, त्याचे वागणेही सदोष होय, असे त्यांनी म्हटले. मुलगा खेळतो म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

येथे एक अडचण उभी राहते. धनुष्याची दोरी सैल करणे म्हणजे खेळ, असे मानले तर पुन्हा धनुष्य ताणणाऱ्या या खेळाला काय म्हणावे? दिवसभर कचेरीत राबलेला माणूस रात्री पडद्यावर मैल्याचा टँकर हाकतो, त्याला विश्रांती कशी म्हणावी?

याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच दडलेले असावे. ॲरिस्टॉटलने ‘घडविणे’ आणि ‘आचरणे’ यांत भेद केला. सुतार खुर्ची घडवितो तेव्हा त्याच्या कृतीचे साध्य कृतीबाहेर, म्हणजे खुर्चीत असते. आचरणाचे साध्य मात्र आचरणातच असते. आधुनिक काळातील पुष्कळ श्रम असे झाले आहेत की घडविणाऱ्याला घडलेली वस्तू दिसत नाही. तो एका लांबलचक साखळीतील कडी असतो. आपण फिरविलेल्या कागदाचे पुढे काय झाले, आपण बसविलेल्या भागाची गाडी कोणी चालविली, हे त्याला कधी कळत नाही. उलट, या खेळात सुटे भाग डोळ्यांदेखत जुळतात आणि अखेरीस किल्ली फिरविताच इंजिन धडधडू लागते. आरंभ, मध्य आणि शेवट ज्याचा त्याला दिसतो. म्हणजे माणूस कष्टाला कंटाळलेला नाही. ज्या कष्टाचा शेवट दिसत नाही त्याला तो कंटाळला आहे. मालकांनी, पुढाऱ्यांनी आणि आम्हां आईबापांनीही लक्षात घ्यावा असा हा बोध आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमाविषयी जे परिपत्रक काढले, त्यात श्रमाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. एक बाह्य : श्रमातून काय निर्माण झाले. दुसरी आंतरिक : श्रम करणारा कोण आणि त्यातून तो कसा घडला. यांपैकी दुसरीला त्यांनी श्रेष्ठ मानले, कारण काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही. या कसोटीवर खेळातील श्रमाला अगदीच शून्य गुण देता येणार नाहीत. मोटार खोटी आहे, पण चिकाटी खरी आहे. घाईने आवळलेला बोल्ट पुढच्या वळणावर दगा देतो, हे कळणे खरे आहे. एखादा तरुण हा खेळ खेळून खऱ्या इंजिनाच्या वाटेला गेला आणि हात काळे करून शिकला, तर खेळाचे सार्थक झाले असेच आम्ही म्हणू.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. या खेळात मृत्यू आहे. कायमच्या मृत्यूचा पर्याय स्वीकारून खेळणाऱ्याचा एकदा अंत झाला की त्याचा सारा खेळ पुसला जातो. दहा-दहा जीव खिशात घेऊन फिरणाऱ्या इतर खेळांतील नायकांची सवलत त्याला नाही. तो कसा मेला याची बातमी छापलेले वर्तमानपत्र पडद्यावर दिसते आणि कित्येक आठवड्यांची मेहनत एका वळणावर संपते. त्यामुळे खेळणारा सावध होतो, वेग आवरतो, पट्टा बांधतो. मरण आहे म्हणून जपणे आहे, हा धडा खेळ देतो खरा. परंतु दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच खेळाडू नवा डाव मांडतो. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून रडणारे त्या गावात कोणी नसते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. या आकड्यातील प्रत्येकामागे एक घर आहे. जेवायला वाढून ठेवलेले ताट आहे, दाराशी उभी असलेली आई आहे. खेळातील मरण खेळाडूचे मनोराज्य मोडते; खऱ्या मरणाने दुसऱ्यांची आयुष्ये मोडतात. मरणाचे भय आणि मरणाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खेळ शिकवितो, दुसरी त्याला शिकविता येत नाही.

याच ठिकाणी आमच्या प्रश्नाचे मर्म आहे. खेळात योक्के नावाचा एक दारुडा आहे. साखर, यीस्ट आणि पाणी आंबवून घरच्या घरी केलेले स्वस्त मद्य त्याला विकता येते आणि सुट्या भागांसाठी पैसा उभा करता येतो. रात्री-अपरात्री टेलिफोन वाजतो. पिऊन बसलेल्या त्याच माणसाला गाडीत घालून घरी सोडायचे असते, आणि त्याचेही पैसे मिळतात. प्यायला देणारे हात तेच, घरी पोहोचविणारे हातही तेच, आणि दोन्ही वेळा मोबदला घेणारेही तेच! खेळ यावर प्रवचन करीत नाही. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याला रस्त्यात पोलीस अडवतात, श्वासाची तपासणी करतात, एवढाच काय तो कायदा. बाकीचा निवाडा खेळणाऱ्यावर सोपविला आहे.

हे पाप म्हणावे काय? घाईने हो किंवा नाही म्हणणे बरे नव्हे. योक्के हा माणूस नाही, चित्र आहे. चित्रावर अन्याय होऊ शकत नाही. न्यायाच्या दृष्टीने येथे कोणाचेही काही हिरावले गेलेले नाही. परंतु नीतीचा विचार केवळ ज्याला इजा झाली त्याच्यापाशी संपत नाही. जो करतो त्याच्या अंतःकरणाचाही तो विचार असतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये अलिपियस या मित्राची हकीकत सांगितली आहे. मित्रांनी त्याला बळेच रोमच्या आखाड्यात नेले. रक्तपाताचे खेळ पाहायचे नाहीत म्हणून तो डोळे गच्च मिटून बसला. पण प्रेक्षकांची आरोळी कानी आली, कुतूहलाने डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो त्या दृश्याचा बंदा झाला. त्याने स्वतः कोणावर हात उचलला नव्हता. तो फक्त पाहत होता. तरी आत काहीतरी बदलले होते.

त्याच ग्रंथात ऑगस्टीन यांनी नाट्यगृहातील अश्रूंविषयी जे लिहिले आहे, ते आम्हांला त्याहूनही मोलाचे वाटते. रंगमंचावरील दुःख पाहून प्रेक्षक रडतो आणि त्या रडण्यात त्याला सुख वाटते. ते कसे? कारण तेथे त्याला मदतीला बोलाविलेले नसते. फक्त शोक करायला बोलाविलेले असते. हात न हलविता करुणेचे सुख मिळते. संगणकावरील खेळ नाटकापेक्षा एक पाऊल पुढे गेला आहे, कारण येथे हात हलतात. मात्र ज्याच्यासाठी ते हलतात, तो माणूस तेथे नसतो. कष्ट आहेत, कष्टाचे समाधान आहे, पण शेजारी नाही.

योगायोग असा की ज्या फिनलंडमध्ये हा खेळ घडतो, त्या देशाच्या ग्रामीण जीवनात शेजाऱ्याचे स्थान फार मोठे आहे. गवत कापणे, बटाटे काढणे, घराचे छप्पर चढविणे अशा कामांसाठी सारी आळी एकत्र जमते. मजुरी कोणी घेत नाही, यजमान जेवू घालतो. या प्रथेला तेथे ‘तालकोत’ म्हणतात. मराठी शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. आपल्याकडील इर्जिक ती हीच. एकाच्या शेतात साऱ्यांचे नांगर, आणि संध्याकाळी एकाच पंगतीत साऱ्यांची ताटे. इर्जिकीत घाम गाळणाऱ्याला ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न कधी पडला नसेल, कारण उत्तर बांधावर उभे असे. खेळातील मुलगा मात्र एकटाच बोल्ट आवळतो. त्याच्या गॅरेजमध्ये पाना धरायला, दिवा दाखवायला कोणी येत नाही.

फिनलंडच्या मोटारशर्यतींत आणखी एक गोष्ट आहे, जी या खेळापेक्षाही आम्हांला विचारात पाडते. तेथे गेली अनेक दशके ‘योकामिएहेनलुओक्का’ म्हणजे ‘सर्वसामान्यांचा वर्ग’ नावाच्या शर्यती भरतात. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मुले-मुली त्यांत उतरतात. जुनी मोटार घ्यायची, गॅरेजमध्ये स्वतः दुरुस्त करायची आणि बंदिस्त धावपट्टीवर पळवायची. रॅलीतील पुष्कळ नामवंत चालकांनी आपले पहिले धडे या पट्ट्यांवर गिरविले. या शर्यतींचा एक नियम विलक्षण आहे. प्रत्येक गाडीची किंमत आधीच ठरलेली असते आणि ती सर्वांना सारखीच असते. शर्यत संपल्यावर दुसऱ्या स्पर्धकाने त्या किमतीला गाडी मागितली तर ती द्यावीच लागते. मागणारे अनेक असतील तर चिठ्ठ्या टाकतात. नकार देणाऱ्याला शर्यतीच्या परवान्याला मुकावे लागते.

नियमाचा व्यावहारिक हेतू स्पष्ट आहे. ठरलेल्या किमतीला गाडी जाणारच असेल, तर तिच्यावर अफाट पैसा ओतण्यात अर्थ उरत नाही. श्रीमंताचा आणि गरिबाचा मुलगा एकाच रेषेवर उभे राहतात. परंतु त्याचा नैतिक अर्थ याहून खोल आहे. हिवाळाभर रात्री जागवून, बोटे सोलवटून घेऊन तुम्ही जे उभे केले, ते शर्यतीच्या संध्याकाळी एक अनोळखी मुलगा हक्काने घेऊन जातो. किंमत मिळते, पण जागवलेल्या रात्रींची भरपाई ती करू शकत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हे सोपे जात असेल असे वाटत नाही. तरीही तो पुढच्या हंगामात पुन्हा एक मोडकी गाडी आणतो. त्याच्यापाशी काय उरले? गाडी गेली, गाडी घडविण्याची विद्या उरली. आणि त्याने घडविलेली गाडी आता दुसऱ्या कोणाची तरी सुरुवात झाली.

संगणकावरील मोटार आणि ही मोटार यांतील खरा फरक आम्हांला येथे दिसतो. एक पडद्यावरची, दुसरी लोखंडाची, हा फरक वरवरचा आहे. पडद्यावरची मोटार कोणी मागू शकत नाही, म्हणून ती कोणाला देताही येत नाही. तिच्यावर केलेले कष्ट करणाऱ्यापाशी सुरू होतात आणि करणाऱ्यापाशीच संपतात. त्यांतून चिकाटी मिळेल, कौशल्य मिळेल, वेळ बरा जाईल; परंतु श्रमाला जी शेवटची पूर्तता हवी असते, दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची, ती तेथे मिळणार नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : घाम माणसाला घडवितो, वस्तू त्याला समाधान देते, पण कष्टाला पुरते मोल येते ते आपल्याबाहेरच्या कोणाला तरी त्याची गरज लागते तेव्हा.

म्हणून अशा खेळांवर बहिष्कार पुकारावा असे आम्हांस वाटत नाही. मुलांच्या हातून माऊस काढून घेणे सोपे आहे. त्याऐवजी काय द्यायचे, हे अवघड आहे. ज्या घरात बिघडलेला पंप दुरुस्त करताना बाप मुलाला ‘तुला काय कळते, जा अभ्यास कर’ म्हणून हाकलतो, त्या घरातील मुलगा पडद्यावरच्या गॅरेजमध्ये गेला तर दोष कोणाचा? कष्टाची भूक त्याला आहे, हे खेळाने सिद्धच केले आहे. आपण त्याला कष्ट दिले नाहीत, केवळ गुण मिळविण्याचे ओझे दिले. विधवा शेजारणीचा गळका नळ, म्हाताऱ्या मामांची बंद पडलेली स्कूटर, देवळाच्या आवारातील मोडका बाक : पाना धरायला जागा पुष्कळ आहेत. तेथे बोल्ट ढिला राहिला तर खेळ पुसला जाणार नाही. मामा पुन्हा हाक मारतील, एवढेच. आणि ती हाक मारणारे मामा जोवर आपल्या गावात आहेत, तोवर मुलाच्या हातातील पाना त्यांच्याकडे वळविणे आपल्या हाती आहे.